कांदे संपेपर्यंत

घड्याळजींनी आयुष्यभर एक नियम पाळला होता. आधी कवच उघडायचे, ते बाजूला ठेवायचे आणि मग सगळे लक्ष आतल्या यंत्राकडे द्यायचे. कवच हा नुसता अंगरखा, जीव आत असतो, असे ते गिऱ्हाइकांना समजावून सांगत. त्याच घड्याळजींनी सत्तरी ओलांडल्यावर दोन पोती कांद्यांची कवचे काढली, ती जिवापाड जपून ठेवली आणि आतल्या जिवाचे पुढे काय, हा विचार त्यांच्या मनाला शिवलासुद्धा नाही. त्यांच्या लेकीला ही गोष्ट पुढे कितीतरी दिवस खरी वाटत नव्हती.

झाले ते असे. लेक कापड रंगवण्याचे काम करी. वरच्या मजल्यावर त्यांचे घर आणि मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये तिच्या चुली, पातेली आणि दोऱ्या. शहरातल्या नाट्यगृहाचा कपडेपट सांभाळणाऱ्या बाईंनी नव्या नाटकातल्या सगळ्या दरबाऱ्यांचे झगे तिच्याकडे सोपवले होते. रंग हवा होता जुन्या तांब्याचा, आणि तो कांद्याच्या सालींना तुरटीची जोड दिली की उतरतो, हे तिला चांगले ठाऊक होते. ती कापड आणायला परगावी निघाली तेव्हा दारातूनच म्हणाली, "बाबा, घाऊक बाजारात जाऊन कांद्याची सालं घेऊन याल? मिळतील तेवढी आणा. फुकट देतात."

बाजारात खरोखरच सालींचा डोंगर पडला होता. तिथल्या हमालाने उदारपणे हात केला. "न्या आजोबा, हवी तेवढी न्या. आमचा उचलायचा ताप वाचेल."

घड्याळजींनी खिशातून भिंग काढले, उजव्या डोळ्यात बसवले आणि मूठभर साली उचलून पाहिल्या. त्यात माती होती, गवताच्या काड्या होत्या, हातगाडीच्या चाकाचे वंगण होते आणि एक सिगरेटचे थोटूक होते.

"ही झाडून गोळा केलेली आहेत," ते म्हणाले.

"मग? इस्त्री करून देऊ?"

"मला अस्सल हवीत."

दुसऱ्याच्या झाडणीतला कण त्यांनी कधी एखाद्या मनगटी घड्याळात पडू दिला नव्हता, तो लेकीच्या पातेल्यात कसा पडू देतील? त्यांनी दोन पोती सबंध कांदे घेतले, टेम्पोत घातले आणि घरी येऊन सोलायला बसले. डोळ्यात भिंग आणि हातात छोटा चिमटा. लेक परगावी होती आणि जावई बसचालक, लांबच्या फेरीवर गेलेला. दोन दिवस अडवायला कुणी नव्हते. सोललेला प्रत्येक कांदा ते न पाहताच बाजूच्या पाण्याच्या भांड्यात टाकत. भांडे भरले की दुसरे घेत, आणि घरातली भांडी संपली तेव्हा त्यांनी न्हाणीघरातला टब जवळ केला. साली मात्र त्यांनी दुकानाच्या जुन्या खणांमध्ये छटेप्रमाणे लावल्या. गडद लाल एका खणात, तांबूस दुसऱ्यात, पिवळसर तिसऱ्यात, आणि फाटक्या वेगळ्या.

लेक परत आली ती खण पाहून हरखलीच. "बाबा! इतकी स्वच्छ? मी जन्मात अशी सालं पाहिली नाहीत!" घड्याळजींना हसू दाबता येईना. मग ती पाय धुवायला न्हाणीघरात गेली.

किंकाळी ऐकून नुकताच जिना चढून आलेला जावई गणवेशातच आत धावला आणि उंबऱ्यावर थबकला. टबात, बादल्यांत, तसराळ्यात, जिकडे पाहावे तिकडे पांढरेशुभ्र, उघडेवाघडे कांदे पाण्यात डुंबत होते.

"बाबा, हे काय आहे?"

"कुठलं?" घड्याळजींनी बाहेरून विचारले.

"टबात! बादलीत! माझ्या तुरटीच्या पातेल्यात! प्रेशर कुकरमध्ये!"

"ते होय. ते सालं काढल्यावर उरलं ते."

"उरलं ते? बाबा, सगळं जग त्यालाच कांदा म्हणतं!"

घड्याळजी दारापर्यंत आले, त्यांनी टबाकडे पाहिले, आणि पहिल्यांदाच त्यांना ते दिसले. त्यांचा चेहरा पाहून जावयाने हलकेच विषय बदलला. "बाबा, मला पहाटे ड्यूटी आहे. अंघोळ कुठे करू?"

"उद्याच्या दिवस नुसतं तोंड धुवून जा, जावईबुवा," घड्याळजी खोल आवाजात म्हणाले.

सोललेला कांदा थांबत नाही. साल असलेला कांदा महिनोन्‌महिने टोपलीत निवांत पडून राहतो, पण एकदा उघडा पडला की त्याला घाई होते. हे लेकीला माहीत होते, आणि म्हणूनच जेवणाच्या टेबलाशी बसल्यावर तिने जे ठरवले ते तिथल्या तिथे ठरवले. पण त्या टेबलावर कांद्यांपेक्षा मोठा प्रश्न मांडलेला होता, आणि तो तिघांनाही दिसत होता.

दुकान बंद करून घड्याळजी लेकीकडे राहायला आले तेव्हा त्यांना खिडकीजवळची खुर्ची मिळाली होती. चहा हातात येई. वर्तमानपत्र हातात येई. ज्याला सगळे हातात आणून देतात त्याच्या हातांना घरात काही काम उरलेले नसते, हे त्यांना फार लवकर कळले. स्वयंपाकघर जावयाचे होते. बसचे चाक फिरवणाऱ्या त्या हातांना झाऱ्याचीही उपजत जाण होती. पुढे त्याची पाळी पहाटेची झाली, संध्याकाळी तो पेंगू लागला, आणि लेक म्हणाली, "बाबा, तात्पुरतं तुम्ही बघाल?" घड्याळजींनी एप्रन चढवला तो उतरवलाच नाही. जेवण उशिरा होई, मीठ तराजूवर तोलून पडे, पण जे होई ते बिनचूक. फक्त तो 'तात्पुरतं' हा शब्द चाकात अडकलेल्या रेतीसारखा त्यांना रोज जाणवे. आता जावयाची पाळी पुन्हा दुपारची होणार होती. सकाळ मोकळी मिळाल्यावर तो आपले स्वयंपाकघर परत मागेल, आणि खुर्ची खिडकीजवळ वाट पाहतच होती.

"दोघं ऐका," लेक म्हणाली. "हे कांदे संपेपर्यंत स्वयंपाकघर बाबांचं. कुणी मध्ये पडायचं नाही. एकही कांदा टाकायचा नाही. आणि रोज उठून कांदाच खातोय असं आम्हाला वाटायला नको. जमलं, तर पुढेही बाबांचंच. एक जरी कांदा वाया गेला, तर ह्याची पाळी बदलली की एप्रन ह्याच्याकडे."

"अगं, कशाला उगीच," जावई म्हणाला. पण त्याची नजर एप्रनवरून एकदा फिरून आलीच.

"मान्य आहे, ठमे," घड्याळजी म्हणाले. लेकीला ते ठमी म्हणत, कारण ती लहानपणापासून अशीच ठरवाठरवी करी.

दुसऱ्या दिवशी ते भिंग लावून चिरायला बसले. त्यातून एक अनपेक्षित सोय झाली. भिंगाआडचा उजवा डोळा कोरडा राहिला आणि डावा तेवढा घळाघळा वाहू लागला. जावई पाणी प्यायला आला आणि बघतच राहिला.

"बाबा, रडायचं तर दोन्ही डोळ्यांनी रडा हो. एका डोळ्याने रडलं की लोकांना खोटं वाटतं."

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तोच त्यांनाही सुचला, वाटून टाकण्याचा. खालच्या मजल्यावर शिकवणी घेणाऱ्या बाई राहत. त्यांनी पहिले पातेले हसून घेतले, "अगदी सोलून आणलेत हो, किती करता!" दुसरे घेतले ते न हसता. तिसऱ्या वेळी घड्याळजी जिना उतरले तेव्हा आत मुले मोठमोठ्याने पाढे म्हणत होती. त्यांनी दार वाजवले आणि पाढे जागच्या जागी थांबले. सबंध शिकवणी श्वास रोखून बसली. पातेले घेऊन घड्याळजी वर आले.

मग त्यांनी सूप केले. सूप उत्तम झाले, पण एवढ्या मोठ्या पातेल्याने टबाची पातळी बोटभरसुद्धा खाली गेली नाही. कांद्याची भजी, कांद्याची कोशिंबीर हे दाराशीच अडले असते, कारण अट होती कांदा न जाणवण्याची. आणि याच अडचणीतून त्यांना तो शोध लागला, ज्याचा आनंद त्यांना अखेरपर्यंत पुरला.

जाड बुडाच्या पातेल्यात त्यांनी काठोकाठ चिरलेला कांदा भरला, थोडे तेल आणि चिमूटभर मीठ घातले, आच अगदी बारीक केली आणि ढवळत उभे राहिले. आधी कांद्याने पाणी सोडले. मग तो काचेसारखा पारदर्शक झाला आणि खाली बसला. घाई करणारा माणूस इथे आच वाढवतो आणि कांदा करपतो. घड्याळजींनी वाढवली नाही. केसाएवढी स्प्रिंग बसवताना ज्या श्वासाने ते थांबत त्याच श्वासाने ते थांबले. कांदा सोनेरी झाला, मग मधासारखा, मग पिकलेल्या खजुरासारखा, आणि शेवटी पातेल्याच्या तळाशी जे उरले ते एका वाटीत मावले. त्याला झोंब नव्हती, उग्र वास नव्हता. जिभेवर ठेवताच ते गोड लागले.

पातेलेभर कांद्याची वाटी! त्यांनी वाटी उजेडात धरून चारही बाजूंनी पाहिली. कांदे फार नव्हतेच, त्यांच्यातले पाणी फार होते.

त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येक पदार्थाच्या पोटात ती तपकिरी वाटी गेली. बटाट्याच्या रश्शाला दाटपणा आला, तो तिच्यामुळे. भातावर चकाकी आली, तीही तिच्यामुळे. पावाच्या कणकेत मळली तेव्हा पाव असा काही फुगला आणि सुटला की लेकीने कडादेखील सोडल्या नाहीत. घड्याळजी समोर बसून निरागसपणे पाणी पीत राहिले.

साखर आणि व्हिनेगर घालून त्यांनी त्याचाच मुरांबा केला. जावयाने तो पावाला लावून खाल्ला आणि डोळे मिटले.

"वा! अंजीर का हो?"

"त्याच्याच जवळपासचं काहीतरी," घड्याळजी म्हणाले.

काही कांद्यांच्या पातळ चकत्या बिटाच्या एका फोडीबरोबर व्हिनेगरमध्ये बुडाल्या आणि गुलाबी होऊन दुकानातल्या काचेच्या बरण्यांत उभ्या राहिल्या. काही मोठे कांदे मिठाच्या थरावर ठेवून सबंध भाजले, आतला गर काढला आणि त्यात भात आणि चीज भरले. तो गर, अर्थात, पुन्हा पातेल्यात गेला. कुरकुरीत तळलेला कांदा डबे भरून बसला. चिरलेला कांदा पिशव्यांत घालून त्यांनी बर्फाच्या कप्प्यात कोंबला, तेव्हा बर्फाच्या ट्रेला बाहेर यावे लागले. लेकीचा संशय दिवसागणिक वाढत चालला. ती चमचा तोंडाजवळ नेऊन थांबू लागली.

"ह्यात आहे?"

"चव बघ ना आधी."

"बाबा, चहात तरी नाही ना?"

"चहात कशाला घालीन मी?" घड्याळजी म्हणाले. पण आवाज असा होता की जणू ही कल्पना त्यांना आत्ताच कळली होती आणि ती अगदीच टाकाऊ नव्हती. लेकीने कप खाली ठेवला.

एकदा मात्र हात चुकला. जावयाच्या वाढदिवसाला त्यांनी केक केला, आणि मुरांबा चालतो तर केक का चालू नये, या तर्काने त्यात दोन वाट्या रिचवल्या. जावयाने पहिला घास बराच वेळ चावला. तो मनाने मोठा माणूस होता.

"छान झालाय, बाबा. फक्त मेणबत्ती नको, डोळे चुरचुरतील."

"खरं सांग," लेक म्हणाली.

"खरं सांगू? कंडक्टर म्हणतो, हल्ली आपल्या बसला पुढचे बाक रिकामे राहतात. लोक मागे उभे राहतील, पण माझ्या पाठीशी बसणार नाहीत. काल एक आजी बसल्या होत्या. उतरताना म्हणाल्या, काय रे बाळा, एवढं काय दुःख आहे, मला उगीच भरून येतंय."

लेक हसता हसता टेबलावर डोके टेकून बसली. घड्याळजीही हसले. पण थोड्या वेळाने जावई भांडी आवरता आवरता म्हणाला, "बाबा, दमला असाल तर सांगा. सोमवारपासून दुपारची पाळी आहे माझी. मी आहे." तो हे मनापासून म्हणाला, आणि म्हणूनच घड्याळजींना ते जास्त लागले. टोमणा असता तर परतवता आला असता.

लेकीने रविवारची संध्याकाळ ठरवली. कांदे संपले की नाही ते ती तेव्हा पाहणार होती. खाली शेडमध्ये सालींचा रंग मनासारखा उतरला होता आणि दोऱ्यांवर एकेक झगा तांब्यासारखा लखलखत होता. वर घड्याळजी पातेल्यामागून पातेले आटवत होते. टब मोकळा झाला, तसराळे मोकळे झाले, कुकर शुद्धीवर आला. शनिवारी फक्त शेवटची बादली उरली होती. रविवारी सकाळी तिची पहिली खेप आचेवर चढली, कांदा नुकता कुठे पारदर्शक झाला, आणि ज्योत एकदा निळी उडी मारून विझली.

गॅस संपला होता. इतक्या दिवसांच्या मंद आचेचा हिशेब सिलिंडरने त्यांच्याकडून न विचारता वसूल केला. नवा दुसऱ्या दिवशी मिळणार होता. ओव्हनही गॅसचाच. खाली लेकीच्या चुली होत्या, पण त्यांवर झग्यांची शेवटची पातेली उकळत होती आणि तिथे जाऊन काय सांगणार? अर्धवट खेप त्यांनी तशीच एका डब्यात भरली आणि बादलीकडे वळले. तळाचे कांदे होते ते. थोडे मऊ पडलेले, आणि प्रत्येकाच्या डोक्यातून हिरवे टोक डोकावत होते. उद्यापर्यंत थांबले असते तरी चालले असते, पण रविवार थांबणारा नव्हता.

दुपारी जावई गाढ झोपला होता आणि लेक दुकानात दोरा आणायला गेली होती. घड्याळजींनी बादली उचलली आणि जिना उतरले. अंगणाच्या कोपऱ्यात जिथे लेक कपडे खळबळलेले पाणी ओतत असे तिथली माती मऊ होती. त्यांनी उलथन्याने खड्डे केले आणि एकेक कांदा आत ठेवला, टोक वर करून. मन भलतीकडेच होते. कुणी येतेय का याकडे कान, शिकवणीच्या बाईंच्या खिडकीकडे डोळे. हात आपले काम सवयीने करत राहिले. माती थापून त्यांनी वर पालापाचोळ्याचा जाड ढीग सारला आणि चोरासारखे नव्हे, तर चोराच्या घरी पाहुणा म्हणून गेलेल्या सज्जनासारखे अवघडत वर आले.

संध्याकाळी लेकीने न्हाणीघर पाहिले, पलंगाखाली वाकली, सज्जा पाहिला, कुकरचे झाकण उघडून पाहिले.

"संपले?"

"घरात एकही सोललेला कांदा दिसला तर सांग."

"आणि कचऱ्यात?"

"कचऱ्यात एकही गेला नाही. तुझ्या आईची शपथ."

दोन्ही वाक्ये अक्षरशः खरी होती, आणि दोन्ही बोलताना ते लेकीकडे नव्हे, खुंटीकडे पाहत होते. लेकीने खुंटीवरचा एप्रन काढला आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या गळ्यात घातला. जावयाने टाळ्या वाजवल्या. एवढ्या हलक्या कापडाचे इतके ओझे त्यांना कधी वाटले नव्हते.

त्यानंतर घड्याळजी स्वयंपाक खिडकीकडे पाठ करून करू लागले, कारण खिडकी अंगणावर उघडत होती. नवा सिलिंडर आला, डब्यातली अर्धवट खेप त्यांनी इमानाने पूर्ण केली, पण मन रमेना. रोज सकाळी बादली ओतल्याचा आवाज येई. लेक त्या कोपऱ्यात न चुकता पाणी घालत होती.

"ठमे, तिकडे पाणी नको ओतूस, घसरशील!" ते वरून ओरडले.

"इतकी वर्षं ओततेय बाबा, एकदाही घसरले नाही!" खालून उत्तर आले, आणि पाठोपाठ आणखी एक बादली.

झगे पाहायला कपडेपटाच्या बाई आल्या त्या सकाळी ऊन स्वच्छ होते. रात्रीच्या वाऱ्याने पालापाचोळा उडवून नेला होता. बाईंनी एकेक झगा उन्हात धरला, बाही उलटून पाहिली, शिवण तपासली, आणि कापड गालाला लावले. लेक ओठ आवळून उभी होती. मग बाई मोकळेपणाने हसल्या. "अगदी हाच. दिव्याखाली तर झळाळतील हे झगे. पुढच्या नाटकात सैन्य आहे, तेही तुम्हीच करायचं." बोलता बोलता त्या कोपऱ्याकडे वळल्या. "अरे वा! हे कुणी लावलंय? किती रेखीव!"

लेकीने पाहिले. ओल्या मातीतून हिरवेगार कोंब वितभर वर आले होते. ते एका वर्तुळात होते, सारख्या अंतरावर, आणि ठरावीक ठिकाणी दोन दोन कोंब जोडीने उभे होते, म्हणजे तासांच्या खुणा. मध्यातून दोन सरळ रांगा फुटल्या होत्या. एक आखूड, एक लांब. घड्याळाच्या दुकानात विकायला मांडलेल्या प्रत्येक घड्याळात वाजलेले असतात तेवढेच या अंगणात वाजले होते, दहा वाजून दहा मिनिटे.

लेकीने सावकाश मान वर केली. स्वयंपाकघराच्या खिडकीत घड्याळजी झारा हातात धरून उभे होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वाटले की आपल्या हाताला इतकी शिस्त नसती तर बरे झाले असते.

"वडिलांची बाग आहे," लेक बाईंना म्हणाली.

बाई गेल्यावर तिने वर हाक मारली. "बाबा, खाली या."

घड्याळजी उतरले. कामावर निघायच्या तयारीतला जावईही मागोमाग आला आणि वर्तुळापाशी येऊन थबकला. "अरेच्चा," तो म्हणाला, "वेळ चुकलीय. आता साडेअकरा झालेत." लेकीने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले की तो एक पाऊल मागे सरला.

"एकही टाकला नाही मी," घड्याळजी म्हणाले.

"मग हे काय?"

"हे ठेवलेत."

"बाबा!"

"गॅस संपला होता गं," ते म्हणाले. "सांगायला हवं होतं. खुर्चीत परत बसायचं मनात आलं आणि नाही सांगवलं." त्यांनी एप्रनची गाठ सोडली, घडी केली, घडीचे कोपरे जुळवले आणि ती जावयापुढे धरली. "घ्या, जावईबुवा. शब्द मी मोडला."

जावयाने दोन्ही हात मागे घेतले. "छे छे, माझ्याकडे काय देता? मी गणवेशात आहे. आणि खरं सांगू बाबा? सकाळी मोकळा झालो की मला झोपायचंय. दुपारी घरचा डबा आयता मिळतोय, तो मी का सोडू? फक्त..." तो जरा घुटमळला. "केक तेवढा नको."

घडी दोघांच्या मध्ये तशीच राहिली. मग ती लेकीने घेतली. ती वर्तुळाभोवती एक फेरी मारून आली, वाकली, लांब काट्यातला एक कोंब तिने बोटाने हलवून पाहिला. तो घट्ट रुजला होता.

"मी काय म्हटलं होतं?" तिने विचारले.

"एक जरी वाया गेला तर..."

"त्याच्या आधी काय म्हटलं होतं?"

घड्याळजी आठवू लागले. जावयाला आधी आठवले आणि तो हसू दाबायला तोंड फिरवून दोरीवरच्या झग्यांकडे पाहू लागला.

"कांदे संपेपर्यंत स्वयंपाकघर बाबांचं, असं म्हटलं होतं," लेक म्हणाली. "संपलेत का?" तिने घडी उलगडून एप्रन पुन्हा त्यांच्या गळ्यात अडकवला आणि मागची गाठ जरा जास्तच आवळली. "आणि सैन्याची सालं मी स्वतः आणणार आहे. झाडलेली. तुम्ही बाजाराच्या रस्त्यालासुद्धा फिरकायचं नाही."

"थोटूक तेवढं काढून घे," घड्याळजी म्हणाले.

जावई कामावर गेला. लेक झगे घड्या करून गाठोड्यात बांधू लागली. घड्याळजी वर जाऊन कात्री घेऊन आले, भिंग डोळ्यात बसवले आणि दहाच्या खुणेपासून पात कापायला सुरुवात केली. दुपारच्या अंड्यांत ती बारीक चिरून घालायची, असे त्यांच्या मनात होते.

"सगळी मुळापासून काढा ना एकदाची," लेक गाठोड्याआडून म्हणाली.

"छे," घड्याळजी म्हणाले, आणि प्रत्येक कोंबाचा बुंधा बोटभर राखून नेमकी वरची पात कापत राहिले. तेवढे ठेवले की ती पुन्हा फुटते.